सनरूफच्या गाडीवर कॅरिअर: वाचकांचे प्रश्न

डिकी भरली की नजर टपाकडे जाते, आणि टपावर तर सनरूफ. या वेळी आलेले बहुतेक प्रश्न याच अडचणीचे आहेत. सनरूफ असलं म्हणून कॅरिअर बाद होत नाही. फक्त दुकानात जाण्याआधी दोन आकडे माहीत हवेत: काच उघडताना किती वर येते आणि तुमच्या टपाला किती किलो चालतं.

प्रश्न: आमची चार मीटरच्या आतली एसयूव्ही आहे, रूफ रेल (टपाच्या दोन्ही कडांवरच्या लांब दांड्या) आहेत, सनरूफही आहे. गणपतीला कोकणात जाताना टपावर सामान न्यायचं आहे. एक दुकानदार म्हणतो सनरूफवर कॅरिअर लागतच नाही, दुसरा म्हणतो काही होत नाही. कुणाचं खरं? (ठाणे)

दोघांनीही तुमची काच उघडून पाहिलेली नाही. सनरूफ दोन तऱ्हेची असतात. एका प्रकारात काच किंचित खाली बसते आणि टपाचा पत्रा व आतलं कापड यांच्या मधून मागे सरकते. दुसऱ्या प्रकारात काच आधी वर उचलली जाते आणि टपाच्या वरून मागे जाते. छोट्या गाड्यांत डोक्यावरची जागा वाचवायला हा दुसरा प्रकार बराच वापरतात, आणि अडचण त्याचीच आहे. पहिल्या प्रकारातही हवेसाठी काच तिरकी केली की तिची मागची कड वर येतेच.

गाडी सपाट जागी उभी करा. दोन्ही रेलवर आडवी, सरळ अशी लाकडी पट्टी ठेवा, जिथे क्रॉसबार, म्हणजे सामान पेलणारा आडवा दांडा, येणार साधारण तिथेच. आता काच तिरकी करा आणि पट्टीच्या खालच्या कडेपासून काचेच्या सर्वांत उंच जागेपर्यंतचं अंतर मोजा. मग पट्टी उचलून धरायला एकाला सांगा, काच पूर्ण उघडा, पट्टी परत ठेवा आणि पुन्हा मोजा. दोन्हींत जे कमी, ते तुमचं माप. काही क्रॉसबार रेलच्या वर बसतात, काही दोन रेलच्या मधे खाली बसतात. खाली बसणारे दिसायला छान आणि आवाजाला कमी, पण सनरूफच्या गाडीवर तेच काचेला अडतात. वजन पडल्यावर बार थोडा वाकतो, म्हणून किमान दीड-दोन सेंटिमीटर मोकळी जागा सोडा.

बार बसवल्यावर काचेच्या मागच्या कडेवर कणकेच्या सुपारीएवढ्या दोन-तीन गोळ्या ठेवा आणि बटण थोडं थोडं दाबत काच उघडा. गोळी बाराखाली चेपली जायला लागली की तिथेच थांबा. काचेत बोट अडकू नये म्हणून जी सोय असते ती बहुधा काच बंद होतानाच काम करते. उघडताना काच बाराला भिडली तर मोटर जोर लावत राहते, आणि बिघडते ती काच सरकवणारी केबल.

जागा पुरत नसेल तर कॅरिअर असेपर्यंत सनरूफ बंद ठेवायचं. यात कमीपणा काही नाही, आणि टपावर सामान बांधलेलं असताना तर कुठल्याच गाडीचं सनरूफ उघडू नये. पण नुसतं ठरवून भागत नाही. आज बऱ्याच गाड्यांत काच बोलून उघडते, काहींत चावीचं बटण धरून ठेवलं तरी उघडते. मागच्या सीटवरचं पोर हौसेनं हुकूम सोडतं आणि काच निघते. सेटिंगमध्ये ही सोय बंद करा, बटणावर कागदी चिकटपट्टी लावा. फ्यूज मात्र काढू नका. काही गाड्यांत त्यानंतर काचेला तिची जागा बटण धरून पुन्हा शिकवावी लागते.

प्रश्न: गाडीवर रेल दिसतात, पण त्या शोभेच्या आहेत असं सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले. ओळखायचं कसं? एक फॅब्रिकेटर टपाला भोकं पाडून लोखंडी कॅरिअर बसवून देतो म्हणतो. (नाशिक)

हलवून, ओढून पाहण्यात अर्थ नाही. शोभेची रेलही हाताला घट्टच लागते. गाडीसोबतचं पुस्तक उघडा. टपावरच्या वजनाचा आकडा त्यात दिला असेल तर रेल कामाची. टपावर सामान ठेवू नये असं लिहिलं असेल किंवा वजनाचा उल्लेखच नसेल, तर ती शोभेची समजा. मॉडेल एकच असलं तरी व्हेरियंटप्रमाणे फरक पडतो, म्हणून आपल्याच व्हेरियंटचं पान पाहा. ॲक्सेसरीच्या दुकानात दुहेरी टेपनं चिकटवून मिळणाऱ्या रेलवर तर ओली छत्रीसुद्धा बांधू नका.

भोकं पाडायला साफ नकार द्या. टपाच्या कडेला, कापडाच्या आत, बाजूच्या पडदा एअरबॅगची गुंडाळी असते आणि सनरूफचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तिथूनच खाली उतरतात. ड्रिल त्यात गेलं तर बाहेरून काहीच कळत नाही. पत्र्याला गंज लागतो, पाणी झिरपतं आणि वॉरंटीवर वाद होतो, हे वेगळंच.

प्रश्न: टपाला 50 किलो चालतं असं पुस्तकात आहे. रत्नागिरीहून पाच डझनांच्या तीन पेट्या आंबे टपावर आणता येतील का? (पुणे)

नाही. 50 किलोत कॅरिअरचं वजनही धरलेलं असतं. दोन क्रॉसबारचे 5 किलो, वर जाळीचा ट्रे असेल तर त्याचे 10 धरा. राहिले 35. आंबा पाव किलोचा धरला तर एका पेटीत फळांचेच 15 किलो, लाकूड वेगळं. म्हणजे दोन पेट्यांतच हद्द गाठली. शिवाय टप, बार आणि ट्रे यांचे आकडे वेगवेगळे असतात; सगळ्यांत लहान आकडा पाळायचा. बारावर 75 किलो छापलंय म्हणून टप 75 चा होत नाही.

जड वस्तू टपावर नेऊच नये. आंबा घाटात वळणावर गाडी कलते ती वरच्या वजनामुळे, आणि ब्रेकलाही जास्त अंतर लागतं. पेट्या डिकीत खाली ठेवा. टपावर गाद्या, चादरी, कपड्यांच्या बॅगा जाऊ द्या. एप्रिलच्या उन्हात टपावर आंब्याचंही काही भलं होत नाही.

प्रश्न: हॅचबॅकला रेल नाहीत, सनरूफ आहे. दोन सायकली न्यायच्या आहेत, त्यातली एक कार्बनची. (पिंपरी)

रेल नसलेल्या टपाला दाराच्या चौकटीत पकडणारे पाय असलेले क्रॉसबार लागतात. त्यांचा किट गाडीच्या मॉडेल आणि वर्षाप्रमाणेच घ्या. ‘सगळ्यांना बसतो’ असा घेऊ नका. पाय कुठे बसवायचा ते किटच्या कागदावर पुढच्या काचेपासून सेंटिमीटरमध्ये दिलेलं असतं, त्यात आपल्या सोयीनं फेरफार चालत नाही. म्हणून विकत घेण्याआधी ते माप टपावर खडूनं आखा आणि पुढचा बार काचेवर येतो का ते पाहा. दोन बारांत 60 ते 70 सेंटिमीटर तरी अंतर हवं. छोट्या टपावर ते जमेना झालं तर मागच्या दाराचा किंवा टो-हुकवरचा सायकल रॅक पाहा. टपाशी झगडत बसू नका.

कार्बनच्या सायकलीचा दांडा पकडणारा रॅक नको, पकडीच्या दाबानं तडा जाऊ शकतो. पुढचं चाक काढून फोर्क (ते चाक धरणारा दुहेरी दांडा) अडकवणारा किंवा फक्त चाकांना धरणारा घ्या. फोर्कवाला घेताना आपला ॲक्सल (चाकाचा आस) बघा: जुन्या क्विक रिलीजला 9 मिमी, आजच्या रोड सायकलींना बहुधा 12 बाय 100, एमटीबीला 15 बाय 110. अडॅप्टर चुकला तर रॅक घरीच राहतो.

उंची विसरू नका. 1.5 मीटरची गाडी आणि वर उभी सायकल मिळून अडीच मीटरच्या वर जातं. मॉलच्या आणि सोसायटीच्या तळघरातल्या कमानी साधारण 2.1 मीटरच्या असतात. एकूण उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा.

प्रश्न: कॅरिअर लावल्यापासून 70 च्या पुढे मोठा घुमणारा आवाज येतो, आणि परवाच्या पावसात ड्रायव्हरच्या बाजूला पाणी आलं. कॅरिअरमुळेच का? (कोल्हापूर)

आवाज कॅरिअरचाच. पंखाच्या आकाराचा बार असेल तर त्याची गोल, जाड कड पुढे आणि निमुळती मागे हवी. घाईत तो उलटा बसवलेला आम्ही अनेकदा पाहतो. बाराच्या खाचेतली रबरी पट्टी निघाली असेल तर वारा त्या खाचेत शिटी घालतो. पट्टा बांधलेला असेल तर त्याला मधे एक पीळ द्या. सपाट ताणलेला पट्टा वाऱ्यात तारेसारखा थरथरतो, पीळ दिला की बहुतेक वेळा गप्प होतो. रॅचेटचा पट्टा दात लागेपर्यंत आवळू नका, त्यानं बार वाकतो आणि पेटीही चेपते. साध्या बकलचा पट्टा पुरतो. पायांचे बोल्ट ॲलन कीनं अंदाजे आवळण्यापेक्षा टॉर्क पान्यानं (किती जोरानं आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यानं), किटवर दिलेल्या आकड्याला आवळा आणि पहिल्या 50 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

पाण्याचं मात्र आधी ठिकाण शोधा. दाराच्या वरच्या कडेनं ओल असेल आणि कॅरिअर दाराच्या चौकटीत पकडणारा असेल, तर पायाखाली दाराचं बीडिंग (कडेचं रबर) दबलं आहे. पाय सोडून किटच्या मापावर परत बसवा. ओल पुढच्या काचेच्या खांबाच्या आवरणातून किंवा छताच्या कापडातून येत असेल, तर कॅरिअर निर्दोष आहे. सनरूफचं रबर सगळं पाणी अडवत नाही, ते अडवणं त्याचं काम नाहीच. आत आलेलं पाणी भोवतीच्या पन्हाळीत उतरतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीखाली जातं. धूळ आणि झाडाखालचा पाला साचला की नळी तुंबते.

काच उघडून पुढच्या कोपऱ्यात अर्धा कप पाणी हळू ओता. मिनिटभरात त्या बाजूच्या पुढच्या चाकाजवळ धार लागायला हवी. नाही लागली तर नायलॉनची जाड, टोक गोल केलेली तार अलगद आत सरकवा. पंक्चरवाल्याकडची हवा मारू नका: दाबानं नळी आतल्या जोडातून निसटते, आणि मग प्रत्येक पावसात पाणी थेट छताच्या कापडात उतरतं.

प्रश्न: हवा भरून वापरायचे मऊ रॅक पॅनोरॅमिक सनरूफवर चालतील का? (डोंबिवली)

काचेवर नाही. त्यांचं सगळं वजन थेट टपावर टेकतं, आणि पॅनोरॅमिक गाडीत टप म्हणजे जवळपास सगळी काचच. काचेला चिकटणाऱ्या व्हॅक्यूमच्या रॅकचंही तेच. वजन रेलवर किंवा दाराच्या चौकटीवरच पडायला हवं. आणि सामान कशावरही बांधा, ते गाडीच्या बाजूंबाहेर येऊ देऊ नका: मोटार वाहन कायद्याच्या कलम 194(1ए) प्रमाणे बाहेर आलेल्या मालाला 20,000 रुपये दंड आहे, आणि माल उतरवून घेण्याचा खर्च वर.