विमानाच्या शिडीपाशी घेतलेली बॅग, आणि तिच्यातले दागिने

पत्र सांगलीच्या एका शिक्षिका ताईंचं आहे. भाचीच्या लग्नासाठी त्या लेकीला घेऊन पुण्याहून हैदराबादला निघाल्या. विमान गच्च भरलेलं. बसमधून उतरून शिडीपाशी पोचल्या, तेव्हा कर्मचाऱ्याने त्यांची चाकांची छोटी बॅग धरली. "मॅडम, वर जागा संपली. खाली ठेवतो, उतरल्यावर मिळेल." हँडलला कागदी टॅग अडकवला आणि त्याचा तुकडा ताईंच्या हातात दिला. मागे रांग खोळंबलेली, ताईंनी बॅग सोडली. हैदराबादला बॅग पट्ट्यावर आली, आतल्या लॅपटॉपचा स्क्रीन तडकलेला होता. त्यांनी काउंटरवर तक्रारीचा फॉर्म भरला. रात्री बहिणीच्या घरी बॅगेतले कपडे बाहेर काढताना लक्षात आलं की आतल्या कप्प्यातला बटवाही नाही. त्यात ताईंची दीड तोळ्याची चेन आणि लेकीचे झुमके होते. फोन केल्यावर कंपनीने सांगितलं की मौल्यवान वस्तूंची जबाबदारी प्रवाशाची, शिवाय बॅगेला कुलूप नव्हतं. सदिच्छा म्हणून अडीच हजारांचं व्हाउचर देऊ. ताई विचारतात, "मी दागिने मुद्दाम हातातल्या बॅगेत ठेवले होते. मग चूक माझी कशी?"

ताई, चूक तुमची नाही. पण कायद्यात तेवढं पुरत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मुदतीचं. तुमचं पत्र हाती आलं तो पाचवा दिवस होता. म्हणून छापून येण्याची वाट न पाहता मी तुम्हाला कळवलं, की आजच्या आज कंपनीला ई-मेल करा आणि चेन व झुमके गेल्याचं स्पष्ट लिहा. तुम्ही ते सहाव्या दिवशी केलंत. बरं झालं, कारण हवाई वाहतूक कायदा, १९७२ च्या तिसऱ्या अनुसूचीप्रमाणे, म्हणजे आपण स्वीकारलेल्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे (विमान कंपन्यांच्या जबाबदारीबद्दलचा हा आंतरराष्ट्रीय करार), सामान खराब झाल्याची तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते, आणि तीही लेखी. फोनवरचं बोलणं धरत नाहीत. तुमच्या विमानतळावरच्या फॉर्ममध्ये फक्त लॅपटॉप होता, बटव्याचा उल्लेखच नव्हता.

एवढी घाई का केली, त्यामागे ब्रिटनमधला एक खटला आहे, फॉदरगिल विरुद्ध मोनार्क एअरलाइन्स. हे गृहस्थ इटलीहून ल्यूटनला परतले. सूटकेस फाटलेली दिसली, ते त्यांनी विमानतळावर नोंदवलं. घरी गेल्यावर कळलं की आतला शर्ट, सँडल आणि एक कार्डिगन नाही. किंमत अवघी साडेसोळा पौंड! पण ते मुदतीत कळवलं नव्हतं. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९८० मध्ये निकाल लागला: बॅगेतली काही वस्तू नाहीशी होणं हेही बॅगेचं 'नुकसान'च, त्याला तीच मुदत लागू, मागणी फेटाळली. तो निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही, पण समोरच्या वकिलाने तो काढला असता तर तुमच्या दागिन्यांचा विषय सुरुवातीलाच संपला असता. आता कंपनीचा तो रस्ता बंद झाला.

आता मूळ प्रश्न. बॅग तुमच्या हातात असते तोवर ती कायद्याच्या भाषेत न नोंदवलेलं सामान असते. तिचं काही झालं, तर कंपनीची किंवा तिच्या माणसांची चूक होती हे तुम्ही दाखवायचं. रेल्वेतही असंच. एका प्रवाशाने कमरेला बांधलेले लाख रुपये गाडीत चोरीला गेले, तेव्हा २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रवाशाला स्वतःचा ऐवज सांभाळता आला नाही, ही रेल्वेच्या सेवेतली त्रुटी नव्हे. तुमची बॅगही शिडीपर्यंत याच वर्गात होती. पण टॅग लागला, बॅग त्यांच्या ताब्यात गेली, की ती नोंदवलेलं सामान झाली आणि नियम उलटा फिरला. नोंदवलेली बॅग त्यांच्या ताब्यात असताना खराब झाली किंवा हरवली, एवढं दाखवलं की जबाबदारी त्यांची. चूक कोणाची, हा प्रश्नच येत नाही. त्यांना सुटका फक्त मालातच मुळात दोष असेल तर, किंवा नुकसानीला तुमचाही हातभार लागला असेल तर, आणि तोही त्या हातभाराच्या प्रमाणात.

म्हणून तो टॅगचा तुकडा जपा. तुमच्याकडचा सगळ्यात महत्त्वाचा कागद तोच आहे, बोर्डिंग पासपेक्षाही. त्याचा आत्ताच फोटो काढा. पातळ कागदावरची छपाई काही महिन्यांत उडून जाते. त्यामागे बारीक अक्षरात 'कंपनी जबाबदार नाही' असं काही असेल तर घाबरू नका. संकेतस्थळावरच्या अटी प्रवाशाला लागू होतात हे खरं, सर्वोच्च न्यायालयानेच २०११ मध्ये तसं म्हटलं आहे. पण कायद्याने घातलेली जबाबदारी टाळणारी किंवा कमी करणारी अट याच अनुसूचीप्रमाणे शून्यवत ठरते.

'मौल्यवान वस्तू नोंदवलेल्या सामानात ठेवू नका' हा त्यांचा नियम तर तुमच्याच बाजूने बोलतो. तुम्ही तो पाळला होता. बॅगेचा वर्ग बदलला त्यांच्या माणसाने. तेव्हा 'आत दागिने, लॅपटॉप, पॉवर बँक आहे का' असं त्याने विचारलं का? तुम्ही लिहिता, विचारलं नाही. हा मुद्दा तक्रारीत ठळक मांडा. पॉवर बँक मालाच्या कप्प्यात चालतच नाही, शेवटच्या क्षणी बॅग खाली पाठवली तर ती आधी बाहेर काढावी लागते. म्हणजे बॅग उघडायला मिनिटभर देणं त्यांच्या सुरक्षेच्या दृष्टीनेही गरजेचं होतं. कुलपाचंही तसंच. डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायच्या बॅगेला कुलूप कोण लावतं?

आता आकड्याकडे येऊ. इथे तुमचा हिरमोड होणार आहे. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या भरपाईला प्रत्येक प्रवाशामागे २०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. लॅपटॉप, चेन, बॅग सगळं धरून. लॅपटॉपच्या दुरुस्तीचा अंदाजच तुम्ही १८,४०० लिहिला आहे, म्हणजे चेनीसाठी काय उरलं ते दिसतंच. बॅग देताना जास्त किमतीची खास नोंद केली तर ही मर्यादा वाढते, पण ती सोय शिडीपाशी कोण देतो? हा युक्तिवाद मी जरूर करीन. मात्र कायद्यात त्यासाठी वेगळी सवलत लिहिलेली नाही, हेही सांगून ठेवतो.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, ती मला मोलाची वाटते. झुमके लेकीचे होते, आणि लेक त्याच विमानात होती. मर्यादा बॅगेमागे नाही, प्रवाशामागे आहे. युरोपियन न्यायालयाने २०१२ मध्ये आयबेरिया कंपनीविरुद्धच्या प्रकरणात हेच सांगितलं, की दुसऱ्याच्या नावावर नोंदवलेल्या बॅगेत तुमची वस्तू असेल तर तुम्हीही स्वतंत्र भरपाई मागू शकता. प्रवाशामागे मर्यादा ही पद्धत त्याच मॉन्ट्रियल करारातून आपल्याकडे आली आहे, त्यामुळे लेकीच्या नावाने वेगळी मागणी करा. झुमके तिचे होते याचा पुरावा मात्र हवा: बिल, किंवा एखाद्या समारंभातला तिने ते घातलेला फोटो.

२०,००० च्या वर जायचा रस्ता एकच. नुकसान मुद्दाम केलं, किंवा होणार हे माहीत असून बेदरकारपणे केलं, आणि ते कंपनीच्या माणसाने किंवा एजंटाने कामाच्या ओघात केलं, असं सिद्ध झालं तर मर्यादा गळून पडते. बटवा आपोआप नाहीसा होत नाही. पण तो कुणी घेतला हे पोलीस तपासाशिवाय कळणार नाही, म्हणून गुन्हा नोंदवा. वाहनातल्या वस्तूची चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते. 'हैदराबादला जा' असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठे घडला याचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. सांगलीतल्या ठाण्यातही. त्याच दिवशी दोन्ही विमानतळांच्या व्यवस्थापनाला आणि कंपनीला पत्र द्या, की त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावं. पुण्याच्या सुरक्षा तपासणीत तुम्ही लॅपटॉप बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवला होता. तो तेव्हा धड होता हे त्या चित्रीकरणात दिसू शकतं.

व्हाउचर घेऊ नका. घेतलं, की 'पूर्ण व अंतिम' असं कुठेतरी लिहिलेलं असतंच. लेखी मागणीला त्यांनी दाद दिली नाही तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ मुळे तुम्ही राहता तिथेच तक्रार चालते, पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागत नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तुम्ही मोजलेत ते तिकिटाचे पैसे. वकीलही सक्तीचा नाही (हे मी वकील असून लिहितो आहे). मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागा. तो किती द्यायचा हे आयोग ठरवतो. मात्र २ वर्षांची मुदत गाठायच्या आधीच दाखल करा. ग्राहक कायद्यात उशीर माफ होऊ शकतो, पण हवाई वाहतुकीच्या अनुसूचीत २ वर्षांनी हक्कच संपतो, आणि कंपनी तेच पुढे करणार.

माझा अंदाज विचाराल, तर लॅपटॉपचे पैसे मिळावेत. तुमची आणि लेकीची मर्यादा धरून चाळीस हजारांपर्यंतची मागणी टिकण्यासारखी आहे. चेनीची पूर्ण किंमत मिळणं तपासावर आणि नशिबावर.

आणि तो स्क्रीन अजून बदलू नका. दुकानदाराकडून शिक्क्याचं लेखी अंदाजपत्रक घ्या, तडे दिसतील असे फोटो काढा, टॅगच्या फोटोसह सगळं एका ई-मेलमध्ये कंपनीला पाठवा आणि तीच प्रत मलाही पाठवा.