सरकारी वकील म्हणजे समोरचा ना?

"पोरानं काही केलंच नाही, मग वकील कशाला? वकील केला की माणूस दोषी दिसतो." कराडहून आलेले काका हे बोलत होते तेव्हा त्यांची सून रुमालाला पीळ घालत बसली होती, आणि ज्याच्याविषयी बोलणं चाललं होतं तो खिडकीतून पार्किंगकडे बघत होता.

मी न्यू जर्सीत समुपदेशन करते. माझ्याकडे मराठी कुटुंबं येतात ती बहुधा मुलांच्या अभ्यासावरून, नाहीतर सासू-सुनेवरून. हे कुटुंब एका पत्रावरून आलं होतं. (ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.) फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, फिर्यादी कार्यालयाचं 'टार्गेट लेटर' होतं ते: ग्रँड ज्युरीच्या (आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) चौकशीचा रोख तुमच्यावर आहे, आरोपपत्र येऊ शकतं. तो एका दवाखान्यात विम्याची बिलं पाठवायचं काम बघायचा. न केलेल्या तपासण्यांची बिलं गेली, असा संशय. पत्र त्यानं तीन आठवडे मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये दडवलं होतं. बायकोला ते धुतलेले मोजे ठेवताना सापडलं.

पहिल्याच भेटीत मी त्याला अडवलं. "काय घडलं ते मला सांगू नका, घरच्यांनाही नको." परवानाधारक मानसोपचारकाशी झालेल्या बोलण्याला फेडरल कोर्टात १९९६ पासून संरक्षण आहे खरं, पण खोलीत आम्ही चौघं होतो, आणि असल्या भरवशावर मी कुणाला बोलतं करणार नाही. "ते वकिलाला सांगा. आणि तपास करणाऱ्या एजंटना फोन करू नका." सोमवारी स्वतः जाऊन सगळं समजावून सांगायचं त्यानं ठरवलं होतं. प्रामाणिक माणसाला हेच सुचतं. पण फेडरल एजंटशी जाणूनबुजून महत्त्वाचं काही खोटं बोललं, शपथ घेतलेली नसली तरी, तर तोच वेगळा गुन्हा होतो, पाच वर्षांपर्यंत कैदेचा. घाबरलेला माणूस एखादी छोटी गोष्ट लपवतो आणि मूळ भानगड राहते बाजूला.

मग वकिलांची नावं निघाली. एक, घराचं क्लोजिंग, म्हणजे खरेदीचे शेवटचे कागद, करून दिलेले, 'आपलेच'. गणपतीत पहिल्या रांगेत असतात. दुसरे, दवाखान्याच्या मालकानं फुकट देऊ केलेले. तिसऱ्यांनी फोनवरच सांगितलं होतं, "मिटवून टाकतो, आजच सही करा."

काकांना तिसरे पसंत. रात्र रात्र जागलेल्या माणसाला असा आवाज बरा वाटणारच. मी फक्त विचारलं, "काका, यंदाच्या उसाला अमुकच उतारा पडेल अशी कुणी लेखी हमी दिली, तर त्याला काय म्हणाल?" "लबाड," ते म्हणाले, आणि गप्प झाले.

मालकाच्या वकिलाचं जास्त अवघड होतं, कारण तिथे पैसे वाचत होते. पण तो वकील दवाखान्याचा. उद्या मालकानं 'बिलं तर हाच पाठवायचा' म्हणून बोट दाखवलं, तर तो कुणाच्या बाजूनं बोलेल? सून पहिल्यांदाच बोलली. "मालकांच्या."

मग तीच म्हणाली, "इथे सरकार फुकट वकील देतं ना?" काका ताडकन म्हणाले, "सरकारी वकील? अगं, तो तर समोरचा!" इथे आपल्या भाषेनंच घोळ घातलाय. आपला सरकारी वकील फिर्यादीचा. अमेरिकेतला 'पब्लिक डिफेंडर' पगार सरकारचा घेतो आणि लढतो आरोपीसाठी. फेडरल कोर्टात सरकारी खर्चानं वकील मिळायची सोय १९६४ च्या कायद्यानं आली, पगारी डिफेंडर १९७० च्या दुरुस्तीनं, आणि रोज तेच काम करणारी ही माणसं कित्येकदा महागड्या वकिलांपेक्षा मुरलेली असतात. मात्र वकील परवडत नाही हे कोर्टाला दाखवावं लागतं. दोघांचे पगार, स्वतःचं घर. यांना ते कठीणच होतं.

क्लोजिंगवाल्यांना त्यानं माझ्यासमोर फोन लावला. त्या गृहस्थांचं मला कौतुक वाटलं. "फेडरल कोर्टात मी कधी उभा राहिलेलो नाही, माझ्याकडे येऊ नकोस," म्हणाले, आणि दोन नावं दिली.

त्या दोघांना विचारायचे प्रश्न त्यानं वहीत लिहून आणले. नेवार्कच्या फेडरल कोर्टात असे खटले चालवलेत का, कुठले? (वकिलानं सांगितलेला खटला 'पेसर' या सरकारी प्रणालीवर ताडून बघता येतो, पानाला दहा सेंट.) उभे तुम्ही राहणार की ज्युनिअर? फी आरोपपत्रापर्यंतची की खटला संपेपर्यंतची, आणि लेखी द्याल का? काकांचा हट्ट होता, 'किती जिंकलेत' हे विचार. पण फेडरल आरोपींपैकी दहातले नऊ गुन्हा कबूल करतात. तिथे नुसत्या जिंकण्याच्या आकड्यातून फारसं कळत नाही. सुनेनं खाली एकच ओळ लिहिली होती: ग्रीन कार्डचं काय? मला तो सगळ्यात शहाणा प्रश्न वाटला. नुकसान दहा हजार डॉलरांवर गेलेल्या फसवणुकीची कबुली दिली, की कैद थोडी असली तरी हद्दपारी दारात उभी राहते. आरोपीला याची कल्पना देणं हे वकिलाचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये पडिला खटल्यात सांगितलंय.

दोघांपैकी एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "निकालाबद्दल आज मी काही सांगू शकत नाही, आधी कागद बघते." आणि काकांना त्यांनी बाहेर बसायला सांगितलं, तिसरं माणूस खोलीत असलं तर वकील-अशिलातल्या बोलण्याची गुप्तता धोक्यात येते. काका भडकले. "जमीन मी विकायची आणि बाहेरही मीच बसायचं?"

"आबा, बसा बाहेर," मुलगा म्हणाला. वकीलही त्यानंच ठरवला, त्याच बाई.

प्रकरण अजून चालू आहे. मागच्या आठवड्यात काकांचा फोन आला. "आत काय बोलतात ते मला काही सांगत नाहीत बघा. पण काल त्यानं स्वतःहून दुसरी भाकरी मागून घेतली."