तिळगूळ वाळवंटात पाठवावा का?

प्रश्न : आम्ही मूळचे नाशिकचे, गेली 17 वर्षे अमेरिकेत अ‍ॅरिझोनात राहतो. आमची 15 वर्षांची मुलगी नैराश्यामुळे शाळेत जाईनाशी झाली, पुढे स्वतःला इजा करून घेऊ लागली. इथले उपचार अपुरे पडल्यावर नोव्हेंबरमध्ये आम्ही तिला युटा राज्यातल्या, केवळ मुलींसाठी असलेल्या एका 'वाइल्डरनेस थेरपी' कार्यक्रमात पाठवले. तिथे आठ-नऊ मुली उघड्या रानात ताडपत्रीच्या आडोशाला राहतात, रोज चालतात, स्वतः रांधतात आणि समुपदेशिका आठवड्यातून एकदा तिथे जाऊन त्यांना भेटते. फोन नाही, फक्त पत्रे. नाताळ, नवे वर्ष आणि बहुधा संक्रांतही तिची तिथेच होणार. तिळगूळ आणि थोडा खाऊ पाठवायचा म्हटले, तर केंद्राने 'पत्राखेरीज काही नको' असे कळवले. धाकटा 9 वर्षांचा मुलगा ख्रिसमस ट्री मागतो आहे, पण ती तिकडे थंडीत असताना घरात दिवे लावायला माझा हात धजत नाही. नाशिकला सासूबाईंना आम्ही ती शाळेच्या शिबिराला गेल्याचे सांगितले आहे. आम्ही काय करावे?

— एक आई, अ‍ॅरिझोना

उत्तर : तुमच्या पत्रात तिळगुळाचा प्रश्न लहान दिसत असला, तरी त्याचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देते. तो पाठवू नका. तिळाची अ‍ॅलर्जी अमेरिकेत इतकी गंभीर मानली जाते, की 1 जानेवारी 2023 पासून वेष्टनावर ठळक नोंद सक्तीची असलेल्या प्रमुख घटकांच्या यादीत तीळ नववा घटक म्हणून आला. शिवाय अशा गटांत जेवणाशी बिनसलेल्या मुलीही असतात, आणि एकीच्या घरून डबा आला व दुसरीच्या घरून साधे पत्रही आले नाही, तर त्या रात्री शेकोटीभोवती काय होईल, याची कल्पना तुम्हाला करता येईल.

सण तिथे होतच नाही, असे मात्र समजू नका. अनेक केंद्रांत त्या दिवशी नेहमीच्या डाळ-तांदूळ-ओट्सच्या शिध्याऐवजी ताजे अन्न येते, मुली जुनिपर या तिथल्या सदाहरित झाडाच्या फांद्या सजवतात, गाणी म्हणतात आणि एकमेकींना हाताने केलेल्या वस्तू देतात : कोरलेला लाकडी चमचा, मण्यांचे कडे, चामड्याचा छोटा बटवा. गटात ज्यू मुलगी असेल, तर हनुका हा ज्यूंचा दिव्यांचा सणही होतो. तेव्हा संक्रांत आपल्या घरी कशी करतात हे तुमची मुलगी गटाला सांगू शकेल का, एवढे समुपदेशिकेला जरूर विचारा. पुष्कळ ठिकाणी या मुली धनुष्याच्या आकाराच्या काठीला दोरी बांधून, तिच्या पिळाने लाकडावर लाकूड फिरवून विस्तव पाडायला शिकतात. तपकिरी भुकटी साठते, तिच्यात दाण्याएवढा निखारा धरतो, तो सालीच्या काथ्यात अलगद ठेवून फुंकायचा. पहिले कित्येक दिवस तो विझतोच. ज्या मुलीला सकाळी अंथरुणातून उठवत नव्हते, तिच्या हातून पेटलेल्या त्या विस्तवावर नाताळचे जेवण शिजले, तर आपण पाठवलेल्या कोणत्याही खोक्यापेक्षा ते तिला अधिक पुरेल, असे मला वाटते.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते, त्याविषयी. युटाच्या उंच वाळवंटात डिसेंबरच्या रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो. झोपण्याची पिशवी किती अंशांपर्यंतच्या थंडीसाठी आहे, ओले बूट व मोजे कुठे वाळवतात, सुती कपडे अंगावर राहू नयेत याकडे कोण पाहते, हाता-पायांची बोटे रोज कोण तपासते आणि बर्फ पडल्यास मुलींना खाली आणायला किती वेळ लागतो, हे फोनवर नव्हे तर लेखी विचारा. यात भिडेचे काही कारण नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील अशाच एका केंद्रात 12 वर्षांचा मुलगा दाखल झाल्यापासून 24 तासांच्या आत मरण पावला आणि पुढे राज्याने त्या केंद्राचा परवाना रद्द केला. युटाने 2021 मध्ये अशा केंद्रांविषयीचा कायदा कडक केला. त्यात मुलांना आठवड्यातून एकदा कुटुंबाशी गोपनीय संवाद साधता यावा, अशी तरतूद आहे. रानात ती कशी पाळली जाते आणि मुलीचे पत्र तुमच्या हाती येण्याआधी कोणी वाचते का, हेही विचारा.

सणाच्या आसपास 'मला घरी न्या' असे पत्र बहुधा येईलच. केंद्राची मंडळी सांगतील, की सगळ्याच मुली असे लिहितात, दुर्लक्ष करा. पहिले खरे आहे, दुसरे मला मान्य नाही. घरची ओढ आणि तक्रार यांत फरक असतो. पाय बधिर झाले आहेत, ताप असूनही चालायला लावले, कोणी पकडून ठेवले किंवा सर्वांसमोर अपमान केला, असे नेमके काही त्यात असेल, तर त्याच दिवशी चौकशी करा आणि समाधान झाले नाही, तर गाडी काढून तिथे जा.

घरी ट्री जरूर लावा. ताईच्या आजारपणाची शिक्षा धाकट्याला होता कामा नये, आणि आपल्यामुळे घर अंधारात राहिले, हे कळले तर मुलीच्या मनावर आणखी एक ओझे चढेल. तिचे स्टॉकिंग (नाताळच्या भेटींसाठी टांगायचा मोठा मोजा) त्याला नेहमीच्या जागी टांगू द्या, मात्र त्याचा फोटो तिला पाठवू नका.

सासूबाईंचे प्रकरण मला अधिक नाजूक वाटते, कारण संक्रांतीला त्यांचा फोन येणार आणि शिबिर अजून कसे संपले नाही, हे त्या विचारणारच. आजार मुलीचा आहे, म्हणून आजीला किती सांगायचे हे आधी तिलाच पत्रातून विचारा. 'बरे वाटत नव्हते, उपचार चालू आहेत, डॉक्टरांशी बोलणे होते' एवढे सांगायला तिची हरकत नसावी. पुढे आजीला भेटल्यावर तिला तुमचे खोटे निभावत बसावे लागू नये, हे महत्त्वाचे.

राहिले सणाचे पत्र. पाहुणे कोण आले, काय मजा झाली याची जंत्री नको, 'तुझ्यावाचून घर खायला उठते' हेही नको, आणि परतण्याची तारीख तर मुळीच नको. एखादी गोष्ट नीट सांगा. सासूबाई काटेरी हलवा घरी करत असतील, तर तेच लिहा : मंद आचेवरची परात, तिळावर चमचा-चमचा सोडलेला पाक, बोटांनी सतत हलवत राहणे, आणि दोन-दोन दिवस काटा न येताच गेलेला वेळ. पत्रे रानात बहुधा आठवड्याच्या फेरीबरोबरच जातात, तेव्हा नाताळाआधीची शेवटची फेरी कोणत्या दिवशी निघते, ते आजच विचारून घ्या.