शोधनिबंधात आधी छापलेल्या मजकुराशी २२ टक्के साम्य आलं, तर जर्नल थेट नाकारतं का?

नाही, निव्वळ टक्क्यांवरून चांगलं जर्नल निबंध परत पाठवत नाही. साम्य नेमकं कुठे आहे ते संपादक उघडून बघतात. बरेच मोठे प्रकाशक क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या संस्थेमार्फत आयथेंटिकेट हे मजकूर जुळवून बघणारं सॉफ्टवेअर वापरतात. त्यात जुळलेला मजकूर रंगवून त्याचा स्रोत दाखवलेला असतो. संदर्भसूची किंवा कार्यपद्धतीतली ठरावीक वाक्यं जुळली तर सहसा कुणी मनावर घेत नाही. पण निबंधाच्या ‘चर्चा’ विभागातला अख्खा परिच्छेद दुसऱ्याचा निघाला, तर ४ टक्केही महागात पडतात. मग आधी लेखकाकडे खुलासा मागतात. तो पटला नाही तर नकार, प्रकरण गंभीर असेल तर तुमच्या संस्थेलाही पत्र. छापल्यावर उघडकीस आलं तर निबंध मागे घेतला जाऊ शकतो. मात्र पीएचडीच्या प्रबंधाचं गणित वेगळं: तिथे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांच्या वर गेलात की दंडाच्या पायऱ्या सुरू.