एकवीसपैकी अकरा दिवस खाटेवर

प्रश्न : सिस्टर, ख्रिस्तात सप्रेम सलाम. जुलैत आमच्या चर्चच्या मंडळीतून आम्ही सहा जण एकवीस दिवसांच्या सेवेसाठी युगांडाला गेलो होतो. तिकिटाचे पैसे मंडळीने दिले. बायकांनी नाताळात संत्राबर्फी विकून ते जमवले होते. दहाव्या दिवशी मला मलेरिया झाला आणि पुढचे अकरा दिवस मी खाटेवर. लहान मुलांचा वर्ग घेणार होते, तो दुसऱ्यांनी घेतला. मला अन्न जात नव्हतं, काळ्या चहाबरोबर गोळ्या घेतल्या. परत येऊन दहा दिवस झालेत. आता पाळकसाहेब म्हणतात, रविवारी साक्ष दे, म्हणजे देवाने तिथे काय केलं ते मंडळीपुढे सांग. कशाची साक्ष देऊ? परवापासून पुन्हा थंडी वाजून ताप येतोय. प्लेटलेट कमी आहेत, साथ चालू आहे, म्हणून डेंग्यूच असेल असं डॉक्टर म्हणाले. युगांडाचं मी त्यांच्याकडे बोललेच नाही.
— एक वाचक, मोहननगर, नागपूर

उत्तर : बेटा, तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला. रक्तात पुन्हा फाल्सिपेरम, म्हणजे घातक मलेरियाचा जंतू, निघाला आणि तू आता दवाखान्यात आहेस, म्हणून हे निवांतपणे लिहिते आहे. पण पुढच्या वर्षी तुमच्यातले आणखी काही जण जातीलच, तेव्हा त्यांच्यासाठीही लिहिते.

नागपुरात पावसाळ्यात ताप आणि कमी प्लेटलेट म्हटलं की आधी डेंग्यूच मनात येतो. मलेरियातही प्लेटलेट घसरतात. डॉक्टरांना युगांडा कळलंच नाही, तर त्यांनी तरी काय करावं? आफ्रिकेतून आल्यावर काही महिने कधीही ताप आला, तर दवाखान्यात पहिलं वाक्य तेच असलं पाहिजे : मी अमुक देशातून अमुक तारखेला आले. आणि काचपट्टीवर थेंब घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तपासून घ्यायचं. फाल्सिपेरमची झटपट किट बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकते, त्यामुळे तुझ्यासारखीच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही. एक काचपट्टी निगेटिव्ह आली तरी ताप चालू असेल तर पुन्हा तपासायची.

काळ्या चहाचं वाचून मी कपाळाला हात लावला. मलेरियावरच्या आर्टिमेथर-ल्युमेफॅन्ट्रिन या गोळीचा मोठ्या माणसाचा कोर्स तीन दिवसांत सहा वेळा, दर वेळी चार, म्हणजे 24 गोळ्यांचा. त्यातलं ल्युमेफॅन्ट्रिन स्निग्ध अन्नासोबतच अंगी लागतं. कपभर दूध, शेंगदाणे, तुपाचा भात, काहीही चालतं. ताप उलटायचं तेच एक कारण असेल असं नाही, पण या वेळी प्रत्येक डोस दुधाबरोबर घे.

आता साक्षीचं. 1996 साली मी मलावीतल्या एका मिशन दवाखान्यात दोन महिने नर्स म्हणून गेले होते. गडचिरोलीत काम केलेलं, मलेरियाचे कितीतरी रुग्ण हाताळलेले, म्हणून प्रतिबंधक गोळ्या मी घेतल्याच नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी पडले. तिथे रुग्णाचं जेवण त्याच्या घरचंच माणूस आवारात चुलीवर रांधतं. त्या माणसाला तिकडे गार्डियन म्हणतात. माझं तिथे कोण होतं? शेजारच्या खाटेवरच्या मुलीची आजी आपल्या नातीसाठी मक्याची पातळ पेज, फाला, करायची. ती मलाही आणू लागली. वाटी माझ्या ओठाला लावायची, मी एक घोट घेईपर्यंत हलायची नाही. ना तिची भाषा मला येत होती, ना माझी तिला. मीठ कमी वाटलं तर मी बोट जिभेला लावून दाखवायचे, की ती पदराच्या गाठीतून चिमूटभर काढायची. मी तिची सेवा करायला गेले होते आणि तिनेच माझी केली. ही गोष्ट मंडळीत सांगायला मला पाच वर्षं लागली, ती तुला लागू नयेत.

मंडळीचे पैसे वाया गेले असं तुला वाटतंय ना? बायबलातल्या, प्रेषित पौलाने लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय काढ. फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताला वर्गणी देऊन पौलाकडे पाठवलं, आणि तो तिथे मरता मरता वाचला. घरी कळलं म्हणून तो कष्टी झाला, अगदी तुझ्यासारखा. पौल त्याला परत पाठवताना काय लिहितो? त्याचं आनंदाने स्वागत करा, अशांचा मान राखा. आणि गलतीकरांस लिहिताना तो सांगतो की, आपण आजारी पडलो म्हणूनच तुमच्याकडे पहिल्यांदा सुवार्ता सांगितली गेली.

तेव्हा तुझ्या खाटेजवळ कोण बसलं होतं, पाणी कोणी दिलं, त्यांची नावं आठवून लिहून काढ. साक्षीला तेवढं पुरे. बरी होऊन ये, मग दे. पाळकसाहेब एखादा रविवार थांबतील. आणि त्याच वेळी पुढच्या सहा जणांना सांग, डॉक्टरांना विचारून डॉक्सीसायक्लिनसारखी मलेरिया-प्रतिबंधक गोळी जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि परत आल्यावरही चार आठवडे रोज घ्यायची. हे शेवटचे चार आठवडेच लोक विसरतात.