नुसते फोटो बघून लिलावात बोली लावू नकोस

हप्ते थकले म्हणून बँकेने ओढून आणलेली गाडी स्वस्त पडते हे खरं, पण यार्डात जाऊन बघितल्याशिवाय आकडा टाकू नकोस. अटींत ‘जशी आहे, जिथे आहे’ लिहिलेलं असतं. उद्या इंजिन जाम निघालं तरी ते तुझं.

मी एकदा फोटोंवर भुललो. बाहेरून चकाचक हॅचबॅक. घरी आणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ! पुरात बुडालेली. पुढे सहा महिने वायरिंगवाल्याचं घर माझ्यावर चाललं.

यार्डात सहसा गाडी चालवू देत नाहीत, कधी बॅटरीच नसते. मग डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइल बघायची पट्टी, काढ. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, सरळ परत फिर. मॅट उचल, स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरव, गाळ लागतो का बघ. ओळखीचा मेकॅनिक सोबत असलेला बरा.

कागदांत चासी नंबर आरसीशी जुळव, थकलेली ई-चलानं परिवहनच्या पोर्टलवर बघ. आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायला फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) कधी देणार, ते आधीच लेखी घे. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म 28 ची एनओसी लागेल, वर इथला रोड टॅक्सही. तो धरूनच बोलीचा आकडा ठरव.