किंगफिशर स्लूप: नावाआधी साल धरा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझी जुनी जखम ठसठसली. १७५६ साली ॲडमिरल वॉटसनबरोबर विजयदुर्गावर चालून आलेल्या 'किंगफिशर' या इंग्रजांच्या छोट्या स्लूपची (म्हणजे लहान लढाऊ जहाजाची) साद्यंत कारकीर्द तुम्हाला हवी आहे, आणि हाती लागलेल्या माहितीत ती १७७८ मध्ये अमेरिकेत जाळलेली दिसते. जळली ती तुमची नव्हेच. तुमची १७४५ साली पाण्यात उतरली आणि १७६३ मध्ये विकली गेली. जळली ती १७७० ची. फ्रेंच आरमार आलं म्हणून रोड आयलंडजवळ इंग्रजांनीच पेटवून दिली. तिच्यानंतरची तिसरी १७९८ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यावर फुटली.

मी इथेच आपटलो. इंग्लंडमधल्या जुन्या कागदांच्या प्रती मागवून देणाऱ्या एका कार्यालयाला मी फक्त जहाजाचं नाव कळवलं. साल लिहिलं नाही, हा गाढवपणा माझाच. पण पत्रात 'घेरिया', म्हणजे विजयदुर्गाचं इंग्रजांनी वापरलेलं नाव, तीनदा होतं हो! चार महिन्यांनी जहाजाच्या रोजनिशीच्या पानांचा गठ्ठा आला. तास, वेग, दिशा, वारा असे रकाने आणि खाली मुंगीएवढं अक्षर. मी भिंग घेऊन देवगड-मालवण शोधतोय आणि पानोपानी न्यूपोर्ट! पंधरा दिवस मला वाटत होतं, हे कोकणातल्याच कुठल्या तरी बंदराला दिलेलं इंग्रजी नाव असेल. हसू नका, ते रोड आयलंडचं बंदर निघालं. पैसे परत मागितले तर उत्तर आलं, "मागितलं तेच दिलं आहे." फोनवर तर प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला आंग्र्यांपासून सुरुवात.

मी इतिहासकार नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे. तेव्हा खात्री करून घ्या. पण माझ्या मते आधी लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमधला खलाशांचा हजेरीपट पाहावा; तो ॲडमिरल्टी, म्हणजे आरमार खात्याच्या कागदांच्या ३६ क्रमांकाच्या मालिकेत आहे. कप्तानांच्या रोजनिशा ५१ मध्ये, सेलिंग मास्टरच्या, म्हणजे जहाजाची दिशा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ५२ मध्ये. लेफ्टनंटांच्या मात्र ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत. लोक थेट रोजनिशीवर उडी मारतात. हजेरीपटात माणसं सापडली की जहाज बदलायची भीती उरत नाही.

तारखांचंही एक झेंगट आहे. त्या काळी जहाजावरचा दिवस आदल्या दुपारी बारालाच सुरू व्हायचा. तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं ते १२ फेब्रुवारीच्या दुपारी, म्हणजे रोजनिशीत ते १३ तारखेखाली शोधायचं. स्पेलिंगही 'किंग्जफिशर' असं मिळतं, आणि विजयदुर्गाला इंग्रज गिर्ये गावावरून घेरिया म्हणत, तेही चार तऱ्हांनी लिहून.

विजयदुर्गापाशीच थांबू नका. पुढे हीच स्लूप वॉटसनबरोबर बंगालात गेली, आणि जानेवारी १७५७ मध्ये 'ब्रिजवॉटर' या जहाजाबरोबर नदीतून वर हुगळी शहरावर चालून गेली. तिथे लहान जहाजाचंच काम होतं. १७५८ ते १७६० मध्ये तिला बॉम्बगोळे फेकणारं जहाज केलं होतं, त्यामुळे नुसत्या स्लूपांच्या यादीत शोधलंत तर ही दोन वर्षं निसटतील.

न्यूपोर्टची ती पानं अजून माझ्या माळ्यावर आहेत. कुणाला रोड आयलंडच्या वाऱ्याचा अभ्यास करायचा असेल तर खुशाल घेऊन जा.